Re: कुस्तीनं आपल्या घरांचं काय केलं

कुणीतरी इथे लिहिलंय की त्यांच्या घरी लग्नाची तारीख कुस्तीचं मैदान बघून धरली, तो किस्सा वाचला. आमच्या सोलापुरातल्या घराचाही सांगते. माहेर मोहोळ, सासर मंगळवेढा. १४ जानेवारी २०२३, भोगीचा दिवस, बाजरीच्या भाकरी झालेल्या आणि पुण्यात महाराष्ट्र केसरीची कुस्ती. मोहोळचा सिकंदर शेख, समोर मंगळवेढ्याचा महेंद्र गायकवाड. दोन्ही पोरं आपल्याच जिल्ह्यातली, जीव कुणावर टाकायचा? महेंद्रनं बाहेरची टांग मारली (बाहेरून पायात पाय अडकवून पाडायचा डाव), पंचांनी ४ गुण दिले, सिकंदर हरला आणि आमच्याकडे सगळ्यांच्या भाकरी ताटातच राहिल्या.

मुद्दा एवढाच होता: डावात सिकंदरची पाठ मातीकडे धोक्याच्या स्थितीत गेली का? उभ्यानं मारलेल्या डावात थेट तशी गेली तर ४, नुसता खाली आणून ताबा घेतला तर २. सासरे आणि माझा भाऊ तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत रात्री दोनपर्यंत बसले. गड्ड्याला, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायचं राहूनच गेलं. मला आजही ते ४ पटत नाहीत, सासऱ्यांना पटतात, आणि अजून दर संक्रांतीला हा विषय निघतोच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरीच्या फायनलला सिकंदरनं शिवराज राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. तेव्हा पहिला पेढा सासऱ्यांनीच माझ्या हातावर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.