कोरियन '-सॉ' आणि '-निक्का': दोन्ही 'म्हणून'च का?

प्रश्न: कोरियनमध्ये कारण सांगताना क्रियापदाला कधी '-सॉ' लागतो, कधी '-निक्का'. वर्गात दोन्हींचा अर्थ 'म्हणून' सांगितला. मग निवडायचं कसं?

उत्तर: दोघांना एकच अर्थ चिकटवला की गोंधळ होणारच. '-सॉ'च्या जागी आपलं '-ऊन' आणि '-निक्का'च्या जागी 'तेव्हा' ठेवून बघा.

'फिगोन्हेसॉ जास्सॉयो', म्हणजे दमून झोपलो. बोलणारा फक्त घडलेलं सांगतोय. 'पिगा ओनिक्का उसानुल गाजॉगासेयो', म्हणजे पाऊस पडतोय, तेव्हा छत्री घेऊन जा. इथे कारण पुढे करून ऐकणाऱ्याला काहीतरी करायला सांगितलंय. पुढे आज्ञा, विनंती किंवा 'चला, जाऊ या' असेल तर कारणासाठी '-निक्का'च. मराठीतही 'पाऊस पडून छत्री घे' असं कोणी म्हणत नाही!

काळाचंही तसंच. 'दमून'मध्ये काळ नसतो, तो 'झोपलो'मध्ये येतो. '-सॉ'च्या आधीही भूतकाळाचा प्रत्यय लावत नाहीत. '-निक्का'ला मात्र तो चालतो: 'नुजॉस्सुनिक्का थेक्शी थाजा', उशीर झालाय, तेव्हा टॅक्सीनेच जाऊ (हे मित्रामित्रांत).

सगळ्यात जपायचं ते माफी आणि आभारांच्या वेळी. 'नुजॉसॉ मिआन्हेयो' हेच बरोबर, तिथे '-निक्का' चालतच नाही. 'उशीर झाला, तेव्हा माफ करा' हे आपल्याही कानाला माफी मागण्याऐवजी हक्काने वसूल केल्यासारखं लागतं. का उशीर झाला असं वरिष्ठांनी विचारलं, तर 'छागा माख्यॉसॉयो' (ट्रॅफिक होतं, म्हणून) म्हणावं. तेच 'माख्यॉस्सुनिक्कायो' म्हटलं तर 'होतं ना ट्रॅफिक, मग मी काय करणार' असा सूर लागतो. व्याकरण चुकत नाही, माणूस दुखावतो. म्हणून हा फरक नियमांच्या तक्त्यापेक्षा कानाने शिकलेला बरा.

प्रश्न: मग 'तोसॉग्वाने गासॉ कोंगबुहासेयो' हे वाक्य कसं चालतं? '-सॉ'पुढे आज्ञा आहे की!

उत्तर: कारण तिथे '-सॉ' कारणाचा नाहीच, क्रमाचा आहे: ग्रंथालयात जाऊन अभ्यास करा. आज्ञेची बंदी फक्त कारणाच्या '-सॉ'ला आहे. पुष्कळ ठिकाणी नियम अर्धाच सांगतात, त्यामुळे विद्यार्थी हे साधं वाक्यही बोलायला घाबरतात.

क्रमाच्या अर्थाने '-सॉ'चा जोडीदार '-गो', आणि इथे आपलं '-ऊन' पुरत नाही. 'छिन्गुरुल मान्नासॉ यॉङह्वारुल ब्वास्सॉयो' म्हणजे मित्राला भेटलो आणि त्याच्याबरोबरच सिनेमा पाहिला. 'मान्नागो' म्हटलं तर आधी भेट झाली, नंतर सिनेमा. मित्र सोबत असेलच असं नाही. मराठीत दोन्हीकडे 'भेटून'च येईल. पहिल्या क्रियेतलं माणूस किंवा ठिकाण दुसऱ्या क्रियेतही सोबत असेल तर '-सॉ', नुसतं एकामागून एक असेल तर '-गो'.

कपडे आणि वाहनं मात्र या कसोटीत बसत नाहीत. कपडे अंगावर राहतात, तरी 'ओसुल इप्को नागास्सॉयो' (कपडे घालून बाहेर पडलो) असंच म्हणतात. बसने जातानाही 'थागो', 'थासॉ' नव्हे. ही क्रियापदं '-गो'सकटच पाठ करा.