'वाहक' म्हणजे आजारी की निरोगी?

अबोली
हिमोफिलियावरच्या (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. 'कॅरिअर'ला सगळीकडे 'वाहक' असा शब्द सापडतो. मसुदा घरी वाचायला दिला, तर सासूबाई म्हणाल्या, "वाहक म्हणजे एसटीतला ना, तिकिटं देणारा?" त्यावर हसून झालं. पण नणंदेचा प्रश्न खरा होता: "म्हणजे हिला स्वतःला काही होत नाही, ही फक्त पुढे देते, असंच ना?" शब्दातून तोच अर्थ निघतो. तो बरोबर आहे का? आणि दुसरा शब्द कुणाला सुचतोय का?

शेवरी
शब्दाआधी गणित बघू. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, फॅक्टर ९ चंही तिथेच. बाईकडे एक्सची जोडी, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. पुरुषाच्या एकुलत्या एक्सवरचं जनुक बिघडलं की दुसरी प्रत नाहीच, म्हणून त्याला हिमोफिलिया होतो. बाईकडे दुसरी प्रत असते. ती 'वाहक' ठरते ती इथे.

बाप मुलाला वाय देतो आणि मुलीला एक्स. त्यामुळे हिमोफिलिया असलेल्या पुरुषाचा आजार त्याच्याकडून मुलाकडे जात नाही, पण त्याच्या सगळ्या मुली वाहक असतात. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता. त्याची मुलगी अ‍ॅलिस वाहक असणारच होती, आणि तिच्या मुलाला तो झालाही. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. दर खेपेला नव्याने निम्मी, बरं का. "थोरल्याला झाला, आता धाकटा सुटला" असं काही नसतं.

तात्या_सोलापूर
'वाहक'मध्ये आणखी एक गोची आहे. आपण 'रोगवाहक डास' म्हणतो. वाचणाऱ्याला वाटणार, बाईपासून संसर्ग होतो! कुठे कुठे 'दोषवाहक' असंही छापलेलं दिसतं. ते तर अजिबात नको. आपल्याकडे सुनेच्या माथी मारायला एवढा शब्द पुरेसा आहे. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो.

सूक्ष्मदर्शी
लॅबमध्ये काम करते, म्हणून लिहिते. अबोलीताई, तुमच्या नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

बाईकडे दोन एक्स असले तरी पेशीत दोन्ही पूर्ण चालत नाहीत. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनांपैकी एक एक्स जवळजवळ बंद करून टाकते. कोणता बंद होणार हे त्या पेशीपुरतं योगायोगाने ठरतं, आणि तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या पेशी तेच पाळतात. मेरी लायन यांनी हे 1961 मध्ये मांडलं. बंद पडलेला एक्स आकसून गोळा होतो. तो गोळा बार आणि बर्ट्राम यांनी 1949 मध्येच मांजराच्या चेतापेशींत पाहिला होता. काळी-केशरी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादी का असते, याचं उत्तरही हेच. केशरी रंगाचं जनुक एक्सवर असतं, आणि कातडीच्या कुठल्या भागात कोणता एक्स चालू आहे ते तिच्या अंगावर दिसतं.

आता हिमोफिलियाकडे. यकृतात फॅक्टर बनवणाऱ्या पेशींपैकी ज्यांत चांगला एक्स चालू, तेवढ्याच कामाच्या. वाहक बायकांमध्ये फॅक्टर सरासरी नॉर्मलच्या निम्म्याच्या आसपास असतो, पण एखादीचा अगदी नॉर्मल, तर एखादीचा बराच खाली. पाळीत अति रक्तस्राव, दात काढल्यावर न थांबणारं रक्त, बाळंतपणानंतरचा त्रास, हे सगळं होऊ शकतं. फॅक्टर नॉर्मलच्या 40 टक्क्यांच्या खाली असेल तर हल्ली अशा बाईला 'वाहक' न म्हणता सरळ 'सौम्य हिमोफिलिया' म्हणतात. फॅक्टर फारच कमी असेल तर मध्यम किंवा तीव्रही. वर्षानुवर्षं "बायकांना होत नाही" म्हणून त्यांची तपासणीच झाली नाही.

शेवरी
+१. हे मलाही घालायला हवं होतं. आणखी एक: पत्रकात 'लिंगसंलग्न आजार' लिहू नका. लोकांना भलतंच वाटतं. 'एक्स-संलग्न' म्हणा. एक्सवर आठशेच्या वर जनुकं आहेत, त्यातल्या बहुतेकांचा लिंग ठरण्याशी संबंध नाही. रंग ओळखणं, स्नायू, रक्त, सगळं तिथे आहे. पुरुषाची जडणघडण सुरू करणारं एसआरवाय हे जनुक वायवर सापडलं, 1990 मध्ये.

तात्या_सोलापूर
अवांतर: 'एक्स' हे नाव आकारावरून नाही. हेन्किंग यांना 1891 मध्ये एका किड्याच्या पेशीत हा तुकडा दिसला, तो काय आहे ते कळेना, म्हणून 'एक्स'. म्हणजे क्ष-किरणातला तोच क्ष. मग 'क्ष गुणसूत्र' का नको? वायला तर वर्णमालेतलं पुढचं अक्षर एवढंच कारण.

सूक्ष्मदर्शी
मग वायला 'ज्ञ' म्हणावं लागेल, तात्या. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांवर दया करा.

अबोली
सगळ्यांचे आभार. 'वाहक' रूढ आहे म्हणून ठेवते, पण पहिल्यांदा येतो तिथे असं लिहिते: "वाहक, म्हणजे जिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर हिमोफिलियाचं सदोष जनुक आहे अशी स्त्री. तिला स्वतःलाही रक्तस्रावाचा त्रास होऊ शकतो." चालेल?

सूक्ष्मदर्शी
'सदोष'च्या जागी 'बदललेलं' करा. आणि "दात काढण्याआधी, शस्त्रक्रियेआधी आणि गरोदरपणात फॅक्टरची पातळी तपासून घ्यावी" हे वाक्य त्याच्याच खाली, ठळक टाइपात.