‘व्हाइट सुप्रीमसिस्ट’ला मराठीत काय म्हणायचं? ‘माथेफिरू’ मला पटत नाही

सदाफुली:
एका दिवाळी अंकासाठी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या हल्ल्यावरचा लेख मराठीत आणते आहे. १५ मार्च २०१९, शुक्रवारच्या नमाजाची वेळ, अल नूर आणि लिनवूड या दोन मशिदी, ५१ जीव गेले. हल्लेखोरासाठी मी ‘गौरवर्चस्ववादी दहशतवादी’ असं लिहिलं होतं. मजकूर परत आला तेव्हा सगळीकडे ‘माथेफिरू तरुण’ झालेलं. संपादकांचं म्हणणं, जोडाक्षरं फार होतात, वाचक अडखळतो.

अडखळू दे की. माथं फिरलेला माणूस दिसेल त्याला दगड मारत सुटतो. हा माणूस ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला आला, बंदुकीचा परवाना रीतसर काढला, सराव केला, बंदुकांवर जुन्या लढायांची आणि आधीच्या हल्लेखोरांची नावं रंगवली आणि पानंच्या पानं लिहून ठेवली. एवढं सगळं ‘माथेफिरू’ या एका शब्दाखाली गाडलं जातं. मला रूढ होऊ शकेल असा मराठी शब्द हवा आहे.

अजून एका जागी अडले आहे. अल नूरच्या दारातल्या माणसाने त्याला ‘हॅलो, ब्रदर’ म्हणून आत बोलावलं, आणि पहिल्या गोळ्या त्यालाच लागल्या. हे दोन शब्द मराठीत कसे आणू?

पाटीपेन्सिल:
सदाफुलीताई, ‘वर्चस्व’ इथे चुकीचं आहे. मूळ ‘वर्चस्’ म्हणजे तेज. ‘ब्रह्मवर्चस्’ आठवा. मारेकऱ्याला तेजाचा शब्द कशाला द्यायचा? सुप्रीमसी म्हणजे श्रेष्ठत्व. ‘गौरवर्णश्रेष्ठत्ववादी’ म्हणा. लांब आहे, पण अर्थ पक्का बसतो. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, मुलं याहून लांब समास सोडवत होती.

घाटमाथा:
सर, तेजाचा अर्थ आज कोणाच्या कानाला लागतो? ‘गावावर पाटलाचं वर्चस्व’ म्हणताना तेज कोणी बघत नाही, जमीन आणि लाठी बघतात. आणि इथे जमीन-लाठीच आहे. ‘आम्ही श्रेष्ठ’ असं नुसतं मानणारे घरोघरी सापडतील. ही माणसं म्हणतात की सत्ता, देश, रस्ता सगळं आमचंच राहिलं पाहिजे, आणि ते सुटतंय या भीतीने मारतात. अमेरिकेत शार्लट्सव्हिलला ऑगस्ट २०१७ मध्ये मशाली घेऊन निघालेल्यांची घोषणा काय होती? ‘यू विल नॉट रिप्लेस अस.’ ही हटवले जाण्याची भीती आहे. ‘श्रेष्ठत्व’मध्ये ती सापडत नाही, ‘वर्चस्व’मध्ये सापडते. माझं मत वर्चस्ववादीला.

रानजाई:
मला ‘माथेफिरू’बद्दल बोलायचंय. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. अशी बातमी आली की चाळीतली कुणीतरी मावशी हळूच विचारते, ‘तुमच्या बबनला औषधं चालू आहेत ना?’ त्याने आयुष्यात मुंगी मारली नाही. त्या शब्दाने खऱ्या मारेकऱ्याचा विचार झाकला जातो आणि माझ्या भावासारख्यांवर संशय येतो. ताई, तो शब्द परत घेऊ नका, संपादक काहीही म्हणोत.

सदाफुली:
रानजाई, हे मी संपादकांना जसंच्या तसं सांगणार आहे.

निळा_सूर:
‘वर्ण’ शब्द का टाळताय सगळे? ‘वर्णवर्चस्ववादी’ म्हणा. महाराष्ट्रात वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं म्हणून तो नको, असं एका संपादकाने मला तोंडावर सांगितलं होतं. आठवू दे ना. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ ला पँथर हे नाव तिकडूनच आलं. हा संबंध आपल्या मोठ्या माणसांनी शंभर वर्षं जपला आणि आपण शब्दातून तो कापायला निघालो.

पाटीपेन्सिल:
संबंध मान्य. पण वर्ण आणि वंश एक नव्हेत. अमेरिकेत पिट्सबर्गला २०१८ मध्ये सिनेगॉगमध्ये ११ ज्यूंना मारलं. रंगाने ते गोरेच. मग ‘वर्ण’ कुठे राहिला? त्यापेक्षा ‘वंश’ घ्या.

निळा_सूर:
सर, तुमचा स्वतःचा शब्दही ‘गौरवर्ण’नेच सुरू होतो. गोरं कोणाला म्हणायचं हे कातडीवरून ठरतच नाही, तेच लोक ठरवतात. तुमचं पिट्सबर्गचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. वर्ण जन्माने चिकटवतात, रंगाने नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

गिरणगावकर:
‘गौर’ शब्दाला माझी हरकत आहे. भाद्रपदात आमच्या घरी गौर येते, तेरड्याच्या पावलांनी येते. तो शब्द या लोकांना देऊ नका. ‘श्वेत’ही नको, श्वेतपत्रिका आणि श्वेतक्रांतीने तो धुतल्यासारखा झालाय. साधं ‘गोरे’ म्हणा. आजोबा ‘गोऱ्यांचं राज्य’ म्हणायचे तेव्हा कोणाला अर्थ विचारावा लागत नव्हता.

आणि त्या ‘रिप्लेसमेंट’चं मराठी काय करणार? त्यांचा सगळा डोलारा त्या शब्दावर उभा आहे ना?

घाटमाथा:
हो. फ्रान्सच्या रनो कामूने २०११ मध्ये ती कल्पना त्या नावाने मांडली. स्थलांतरित येतात, त्यांना मुलं होतात, म्हणजे कुणीतरी मुद्दाम गोऱ्यांच्या जागी दुसरी प्रजा आणून बसवतंय, अशी ती मांडणी. क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने आपल्या मजकुराला तेच नाव दिलं. मी कुठेतरी ‘महाबदल’ वाचलं. पुचाट वाटतं.

गिरणगावकर:
माझे वडील सात वर्षं ‘बदली’ होते. पहाटे गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर उभं करायचे. आला तर डबा तसाच घेऊन परत. त्यांना पाहून कुणाला वाटलं असेल की हा माझी जागा खायला आलाय? वाटलंही असेल. पण ते ज्याच्या जागी उभे राहायचे तो संध्याकाळी चहाला आमच्याच खोलीत असायचा. ‘बदली’ हा शब्द या विषारी कल्पनेला द्यायला माझा जीव होत नाही. दुसरा शोधा.

सदाफुली:
नाही वापरणार. सध्या ‘जागा हिरावल्याचा कांगावा’ असं उलगडून लिहिलंय.

अजून एक अडचण. मूळ लेखात ‘लोन वुल्फ’ आहे, म्हणजे एकट्यानेच हल्ला करणारा, आणि संपादकांनी त्याचं ‘एकांडा शिलेदार’ केलंय!

घाटमाथा:
अरे देवा. शिलेदार म्हणजे ज्याचं घोडं आणि हत्यार स्वतःचं. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. इतिहासाच्या दृष्टीनेही हे उलटं आहे. या माणसांचं स्वतःचं काय होतं? विचार उसना, शब्द उसने. नॉर्वेत २०११ मध्ये ७७ माणसं मारणाऱ्याचं नाव क्राइस्टचर्चवाल्याने घेतलं. अमेरिकेत चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ मध्ये नऊ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्याचंही घेतलं. हा चार्ल्सटनवाला तर आधी तासभर त्यांच्याच बायबलवाचनाला बसला होता. मग २०१९ च्याच ऑगस्टमध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ जीव गेले, तिथल्या मारेकऱ्याने क्राइस्टचर्चचा दाखला दिला. २०२२ ला बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये दहा माणसं मारणाऱ्याने तर क्राइस्टचर्चचा मजकूरच उतरवून काढला. दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेले हे सगळे बारगीर आहेत.

रानजाई:
बारगीर पटलं. पण बारगिराला सरदार असतो, इथे हुकूम देणारा कोण?

घाटमाथा:
हुकूम देणारा नसणं हीच त्यांची पद्धत. कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेतल्या लुई बीमने १९८३ सालीच मांडलं होतं की संघटना उभी केली की पोलीस फोडतात, तेव्हा नेता नको, प्रत्येकाने आपापलं करावं. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, ‘निर्नायकी’. म्हणून तर ‘एकटाच होता’ ही समजूत सोयीची पडते.

पाटीपेन्सिल:
‘निर्नायकी’ उत्तम. मात्र ‘जाहीरनामा’ असं त्या लिखाणाला म्हणू नका. तो निवडणुकीचा शब्द आहे. ‘मजकूर’ पुरे.

कॅन्टरबरीकर:
मी क्राइस्टचर्चला राहते. उशिरा वाचलं. त्या दुपारी मुलगी शाळेत होती. ‘लॉकडाऊन’ हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा कळला, करोनाच्या वर्षभर आधी. मुलं बाकांखाली, दिवे बंद, आम्ही पालक संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर. नंतर बोटॅनिक गार्डनच्या भिंतीला फुलं ठेवायला गेलो. फुलं इतकी होती की भिंत दिसेना.

शब्दांवर एक सांगते. चौकशी आयोगाचा अहवाल २०२० च्या डिसेंबरमध्ये आला. त्याचं माओरी नाव ‘हे आपलं घर आहे’ अशा अर्थाचं आहे. इंग्रजीत ‘अवर होम’. पण माओरीत दोन वेगळे शब्द आहेत. ‘तातोउ’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण सगळे, ‘मातोउ’ म्हणजे तुम्हाला सोडून आम्ही. नावात ‘तातोउ’ आहे. इंग्रजीला हा फरक करता येत नाही. मराठीला येतो! ‘आमचं घर’ आणि ‘आपलं घर’. माओरी वर्गात बाई हे समजावत होत्या तेव्हा सगळे गोंधळले होते आणि मला एका क्षणात कळलं. घरी येऊन आईला फोन केला.

हल्ल्याच्या दिवशी तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न म्हणाल्या होत्या, ‘दे आर अस.’ ताई, तुमच्या लेखात हे असेल तर ‘ते आम्हीच’ करू नका. ‘ते म्हणजे आपणच.’

घाटमाथा:
आणि शार्लट्सव्हिलच्या घोषणेतलं ‘अस’ मात्र ‘आम्हाला’. तिथे ‘आपल्याला’ बसूच शकत नाही.

सदाफुली:
दोन्ही ठिकाणी दुरुस्त केलं. पहिल्या ठिकाणी मी ‘ते आमच्यातलेच’ लिहिलं होतं, आता लाज वाटते.

आर्डर्न यांचं १९ मार्चचं संसदेतलं वाक्यही आहे: तो दहशतवादी आहे, गुन्हेगार आहे, अतिरेकी आहे, पण मी बोलेन तेव्हा तो निनावी असेल. ‘निनावी’ की ‘बेनाम’?

पाटीपेन्सिल:
निनावी पत्राला नाव नसतं, इथे नाव असून काढून घेतलंय. ‘अनामिक’ तर मुळीच नको, त्याला हुरहुर चिकटलेली आहे.

निळा_सूर:
‘मी बोलेन तेव्हा त्याला नाव नसेल.’ नाम कशाला, क्रियापदाने सांगा.

पाटीपेन्सिल:
हे बरोबर आहे. मान्य.

गिरणगावकर:
पण मूळ शब्दाचं काय ठरलं? ‘गोरे वर्चस्ववादी’ ना?

पाटीपेन्सिल:
सुटं लिहिलंत तर अर्थ होतो वर्चस्ववादी, जे गोरे आहेत. म्हणजे वर्चस्व कोणाचं ते कळतच नाही. समास हवाच.

निळा_सूर:
वर्णवर्चस्ववादी.

सदाफुली:
परवा मजकूर द्यायचा आहे. पहिल्या वेळी ‘गोऱ्यांचंच राज्य हवं म्हणणारा’ असं उलगडून आणि पुढे ‘गोरा वर्चस्ववादी’ असं करते आहे, सर रागावले तरी. ‘हॅलो, ब्रदर’ अजून तसंच आहे. ‘या भाऊ’ लिहिलं, खोडलं.

रानजाई:
खोडलं का? दारात अनोळखी माणूस आला की आपण ‘या’च म्हणतो.

गिरणगावकर:
हल्लेखोर २८ वर्षांचा होता ना? आमच्याकडे एवढ्या पोराला ‘ये भावा’ म्हणतील.

कॅन्टरबरीकर:
मी त्या मशिदीत नंतर गेले आहे, शुक्रवारी सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं तेव्हा. दारात एक काका उभे होते. मला ‘सिस्टर’ म्हणाले आणि चपला कुठे ठेवायच्या ते बोटाने दाखवलं. तेव्हा माझ्या कानाला ते ‘या ताई’ असंच लागलं होतं.