डाएटला सुट्टी दिलीत, मग पुढे काय झालं? (अनुभव धागा)

मेहरूणकाठ, जळगाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस माहेरी, एरंडोलला होते. गेल्या आश्विनापासून वजन उतरवायचं मनावर घेतलंय. ७८ वरून ६९.५ पर्यंत आले होते. पहाटे मेहरूण तलावावर चालणं, रात्रीचं जेवण सातच्या आत, साखर बंद, भात वाटीभर. माहेरी पाय ठेवला आणि ठरवलं, आठ दिवस काही म्हणजे काही मोजायचं नाही.

आमच्याकडे आखाजीपर्यंत आंबा तोंडाला लावत नाहीत. त्या दिवशी घागर पुजायची, पितरांना नैवेद्य दाखवायचा, मग रस. त्यात आई खापरावरचे मांडे करते. पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवते, पार कोपरापर्यंत आला की उपड्या खापरावर टाकते. वय ७१, हात अजून थरथरत नाही. तिच्यासमोर बसून "मला अर्धाच" म्हणायला जीभ रेटली नाही. चालणंही बंद. सकाळी झोके, दुपारी पत्ते, दिवसभर घामाच्या धारा.

परत आल्यावर काट्यावर ७१.८. आठ दिवसांत २.३ किलो! रात्री रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं जेवण आणि नेहमीचं चालणं, बस. उपास नाही, काढा नाही. सातव्या दिवशी ७०.१.

मग ते १.७ किलो आले कुठून आणि गेले कुठे?

तुमचे अनुभव लिहा. डाएट किंवा व्यायाम मुद्दाम थांबवलात की आपोआप थांबला? किती दिवस? पुन्हा धरताना काय जड गेलं? सल्ले कमी, अनुभव जास्त असं चालेल. "मांडे खाऊच नयेत" लिहिणाऱ्यांनी आधी एकदा खाऊन यावं.

केळीवाला, रावेर

मी ब्रेक घेतला २०२१ च्या दिवाळीत. अजून चालू आहे.

लोकांना वाटतं, शेतकऱ्याला कसलं आलंय वजन. बाबा घड खांद्यावर वाहायचे. मी फटफटीवर बांधापर्यंत जातो आणि कटाईच्या दिवशी सावलीत उभा राहून घड मोजतो. डॉक्टरांनी पोटाला टेप लावला तर १०४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांचं ९० च्या आत हवं म्हणे. वाचतोय.

पथ्यवाली, धुळे

आहारतज्ज्ञ आहे, तेव्हा थोडं लांबेल. मेहरूणकाठ ताई, ते १.७ किलो बहुतेक पाणीच. पोळी, भात, गूळ, आमरस यांतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डाएटवर हा साठा उतरलेला असतो, मांडे पोटात गेले की भरतो. वर लोणच्या-पापडाचं मीठ, तेही पाणी धरतं. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तुमचे २.३ किलो चरबीचेच असते तर आठही दिवस, रोज, गरजेपेक्षा २,२०० कॅलरी वर खाव्या लागल्या असत्या. आईचे मांडे कितीही मोठे धरले तरी अवघड आहे! उरलेल्या ६०० ग्रॅममध्ये मात्र चरबी असेल, ती मान्य करून टाका.

आता ब्रेकचं. टास्मानिया विद्यापीठातल्या संशोधकांचा मॅटाडोर नावाचा अभ्यास २०१७ मध्ये आला. लठ्ठ पुरुष, ५१ जण. एका गटाने सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्याने कमी खाण्याचे आठवडे १६ च ठेवले, पण दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे वजन आहे तिथे राहील इतकं, असं आलटूनपालटून ३० आठवड्यांत. सलगवाल्यांचं सरासरी ९ किलो उतरलं, थांबतथांबत गेलेल्यांचं १४. पण लगेच बट्ट्या तळायला घेऊ नका. त्या लोकांना सुट्टीतही जेवण मापूनच मिळत होतं. शिवाय २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातच नियमित वजनं उचलणाऱ्या स्त्रीपुरुषांवर असाच प्रयोग झाला, तिथे चरबी दोन्ही गटांची सारखीच उतरली. ब्रेकवाल्यांना भूक तेवढी कमी छळली. मला विचाराल तर हेही काही थोडं नाही.

माझ्याकडे येणाऱ्याला मी एकच विचारते, परत कधी? तारीख सांगितली तर तो ब्रेक. "बघू, लग्नसराई होऊ द्या" म्हणाले, तर ते सुटलं.

केळीवाला, रावेर

म्हणजे माझं सुटलंय.

रात्रपाळी, भुसावळ

मालगाडीवर गार्ड आहे, आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं. माझा ब्रेक मी घेत नाही, ऊन देतं. मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, पहाटे पाचला घराच्या भिंती गरम असतात. एप्रिलच्या मध्यावर धावणं थांबतं ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत.

पहिल्या वर्षी काय झालं, धावणं बंद पण जेवण धावणाऱ्याचंच राहिलं. चार पोळ्या. ड्यूटीवरून उतरलो की मित्रांबरोबर ढाब्यावर शेवभाजी, वर तरंगणाऱ्या तर्रीसकट. जूनमध्ये पाच किलो वर. मग चूक केली ती ही की पहिल्या पावसाच्या दिवशी बूट घातले आणि एकदम पाच किलोमीटर मारले. तिसऱ्या किलोमीटरला पोटरीत कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मागे वळूनही बघितलं, कोण आहे म्हणून! तीन आठवडे लंगडत ब्रेकव्हॅन चढलो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा लागला तशी एक पोळी कमी केली. नुसती एक. शेवभाजी ठेवली, पण पगाराच्या आठवड्यात. रनिंग रूममध्ये पंख्याखाली आठवड्यातून दोनदा बैठका आणि दंड, पंधरा मिनिटं. सोबतचे हसायचे, "पैलवान, कोणती यात्रा?" जूनमध्ये दीड किलोच वर. आणि सुरुवात चालण्यापासून केली, दोन मिनिटं धाव, तीन मिनिटं चाल. दम पंधरा दिवसांतच उतरायला लागतो, ताकद त्यापेक्षा जास्त टिकते, हे पोटरी फाटल्यावर फिजिओथेरपिस्टने सांगितलं. आधी सांगणारं कुणी भेटलं नाही.

बट्टीपासून सावध, चाळीसगाव

मला हे ब्रेकचं पटत नाही. म्हणजे तुम्हाला जमत असेल, मला झेपत नाही. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी आली, वाढप्याने "एका बट्टीने काय होतंय दाजी" म्हणत तुपाची वाटी उलटी केली आणि माझं चार महिन्यांचं डाएट तिथेच संपलं. असं एकदा नाही, तीनदा झालंय. दाजी म्हटलं की नाही म्हणता येत नाही हाही एक भाग.

आता हिशोब असा, सुट्टी जेवणाला, आठवड्याला नाही. दुपारी पंगत मनसोक्त, रात्री घरचं नेहमीचं ताट. रात्री उपाशीही राहत नाही, कारण उपाशी राहिलो की दुसऱ्या दिवशी दहाला कचोरीच्या गाडीवर सापडतो. आणि पंगतीतून डबा भरून घरी आणायचा नाही. बायको यावर नाराज आहे. धुळ्याच्या ताईंचे पंधरा दिवस मला दिले तर सोळाव्या दिवशी मी कुणाला सापडणार नाही.

शहाद्याची

लिहू की नको करत होते. पुण्यात होस्टेलवर होते तेव्हा डाएट सुरू केलं. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुक केलं, तिथेच बिघडलं. मेसमधली पोळी रुमालात गुंडाळून खोलीत आणायची आणि टाकून द्यायची. जिने मोजून चढायचे, कमी भरले तर पुन्हा. वजनाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, कुणीतरी त्याच्याशी स्पर्धा लावेल. केस हाताला यायला लागले. पाळी पाच महिने आली नाही आणि मला त्याचं बरंच वाटलं, हे आता लिहितानाही विचित्र वाटतं.

दिवाळीला घरी आले. आजीने मनगट धरलं, तिचा अंगठा आणि बोट एकमेकांवर चढले. म्हणाली, "माय वं, कितली सुकी गयी पोर!" आणि रडायलाच लागली.

डॉक्टरांनी डाएट आणि व्यायाम दोन्ही थांबवायला सांगितलं. माझ्यासाठी तो ब्रेक नव्हता, औषध होतं. कडू होतं. आई ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात दूध घालायची आणि शेजारी तूर निवडत बसायची. "खा" असं एकदाही म्हणाली नाही. मी एकेक घास ताटात फिरवत राहायचे, कधी पाऊण तास. तिचं सूप रिकामं झालं की ती तीच तूर पुन्हा निवडायला घ्यायची.

समुपदेशकाकडेही जात होते. सात महिन्यांनी पाळी आली. आता बॅडमिंटन खेळते, आवडतं म्हणून. घरातला काटा बाबांनी शेतात नेला, त्यावर मिरचीच्या पिशव्या तोलतात. चढायचं म्हटलं तरी आधी ठसका लागेल.

पथ्यवाली, धुळे

लिहिलंस ते बरं केलंस गं. बाकीच्यांसाठी, पाळी थांबणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, जेवण लपवणं, यातलं काही घरातल्या पोरीत किंवा पोरात दिसलं तर डाएटच्या गप्पा तिथेच सोडा आणि डॉक्टर गाठा.

तात्या, अमळनेर

वय ६८, साखरेची गोळी चालू. गेल्या श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, रोटांना (नैवेद्याला) मीही डाएट मोडलं. आमच्याकडे रोट भाऊबंदकीतच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात आणि भाऊबंदकी आता पुण्या-नाशकात. म्हणजे खाणारे कमी, रोट तेवढेच. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, तीन दिवस.

मग भरपाई म्हणून गुरुवारी कडक उपास धरला आणि गोळी मात्र नेमाने घेतली. दुपारी हात कापायला लागले, गंजीफ्रॉक भिजला, सूनबाईला मी माझ्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पोर हुशार, तिने लगेच साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टर मला बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, गोळी तीच आणि पोट रिकामं, म्हणून साखर घसरली. खाण्यात मोठा बदल करायचा, या बाजूला की त्या बाजूला, तर गोळीचं आधी विचारून घ्यायचं.

यंदा रोट खाईन. उपास नाही धरणार.

मेहरूणकाठ, जळगाव

मंडळी, कार्तिक लागला, धागा वर काढतेय. वजन ६६.४. मधे पाच आठवडे काटा जागचा हलेना. धुळ्याच्या ताईंचं आठवून दहा दिवस एक भाकरी वाढवली, दुपारचं पोटभर खाल्लं, चालणं तेवढं सोडलं नाही. काटा त्या दहा दिवसांत हललाच नाही, पण रात्री फ्रीज उघडून उभं राहणं बंद झालं. नंतर पुन्हा उतरायला लागलं. ब्रेकमुळेच का, कोण जाणे.

आता आसोद्याची वांगी बाजारात आलीत. पुढच्या रविवारी मोठ्या दिरांच्या शेतात भरीत आहे. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायचं काम पुरुषांकडे, ठेचायचं आमच्याकडे. तेल ओततात तेव्हा मी नदीकडे बघते. कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून आलंय. शनिवार ते शनिवार सुट्टी, कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल केलाय. सासूबाईंनी विचारलं, "दुसरा गोल कसला गं, सिलिंडर का?"

केळीवाला, रावेर

ताई, सोमवारपासून बांधापर्यंत पायी जातोय, दीड किलोमीटर. फटफटी पोराला देऊन टाकली. येताना त्यानेच आणून सोडलं, पण जाताना पायी.