चर्चा: कोरडवाहू रानात दरसाल खोल नांगरट कशासाठी?

कोरडवाहू: पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उपटली की माती उलथवणारा पलटी नांगर, हे आपल्याकडं ठरलेलंच. माझ्या मते दरसालची ही नांगरट बंद व्हावी. हिशेब करा. एकरात वरच्या अर्ध्या फुटात आठ-नऊ लाख किलो माती. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) ०.५ टक्के धरला तर साडेतीनशे-चारशे किलो नत्र (नायट्रोजन) त्यात अडकलेलं असतं, पण पिकाला थेट न मिळणारं. नांगरानं माती फुटते, हवा लागते, जिवाणू कामाला लागतात आणि नत्र मोकळं होतं. कधी? मृगाचा पाऊस पडल्यावर, पऱ्हाटी दोन पानांवर असताना! तिला तेव्हा लागतं किती? मग जुलैची झड लागते, काळ्या रानात पाणी साचतं, नायट्रेट खाली झिरपतं नाहीतर वायू होऊन उडतं. जमिनीतलं धान्याचं पेव फोडून ज्वारी पावसात ठेवल्यासारखं. कळ्या-फुलांच्या वेळी आपण पुन्हा युरियाच्या रांगेत.

वखरवाला: कागदावर बराबर हाय भाऊ. मी एक तुकडा बिननांगरी ठेवला होता, पऱ्हाटीचा चुरा करून. पीक महिनाभर पिवळंच. धुऱ्यापलीकडचं नांगरलेलं हिरवंगार. अन् गुलाबी बोंडअळीचे कोष? ते नांगरटीनंच उघडे पडतात, उन्हानं मरतात, बगळे वेचतात.

माती_तपासा: दादा, पिवळं पडलं ते चुऱ्यामुळं. पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र नाममात्र. ती कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात. पुढं ते परत मिळतं, पण रोपाला तेव्हा उपास पडतो. सोयाबीनच्या कुटारानं, म्हणजे भुशानं, त्रास बराच कमी होतो. आणि युरिया कचऱ्यावर फेकू नका. आपली जमीन चुनखडीची, त्यात ओल कमी असली की अमोनिया सरळ हवेत. ४५ किलोच्या गोणीत नत्र २०.७ किलोच. तासात पेरून मातीआड करा.

वखरवाला: पेरा म्हनता, पन कशानं? कचऱ्यात तिफन, पेरनीचं औत, चालत नाई, फनाले काड्या गुंततात, चार हात गेलं की उचलून झटका. अन् मी मक्त्यानं, म्हंजे दुसऱ्याचं रान भाड्यानं घेऊन, करतो. कर्ब वाढाले लागतील वर्षं, तवा रान कोनाच्या हाती असन? मालकाच्या रानाले सुधरवाले मी माह्यं पीक काहून पिवळं करू?

धुऱ्यावरची: मक्त्याचं खरं आहे, त्याला उत्तर नाही. पण नांगर किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते कोणी ठरवले? आमचे आजोबा हरळी-कुंद्याचं तण माजलं तरच नांगर घालत, एरवी वखर, म्हणजे वरवर माती हलवणारं पात्याचं औत. काळं रान उन्हाळ्यात आपसूक भेगाळतं. ट्रॅक्टर दारात आल्यापासून दरसालचं सुरू झालं.

कोरडवाहू: वखर मला चालेल. दोन-तीन इंचच हलतं, खालचा कर्ब जागेवर राहतो. पण बोंडअळीसाठी नांगरट हे पटत नाही. पऱ्हाटी एप्रिलपर्यंत उभी ठेवायची, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरचा वाढीव कापूस, घ्यायची, त्यावर अळी पोसायची, आणि मग कोष मारायला नांगर?

वखरवाला: फरदड काहून घेतो, तेबी इचारा न. भाव मार्चातच बरा भेटते.