जीआरईचे शब्द टिकत नाहीत, मुळांवरून शिकावेत का?

प्रश्न (ऐरोली): परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतेय, आठवड्याभरात सगळं साफ. ठाणे-वाशी लोकलमध्ये मिळतो तेवढाच वेळ. मुळांपासून, म्हणजे शब्द ज्या लॅटिन-ग्रीक तुकड्यांवरून बनतात त्यांपासून, सुरुवात कशी करू?

कोपरखैरणे: दिवसाला एकच मूळ घ्या. लॅटिन 'स्पेक' म्हणजे पाहणे. इन्स्पेक्ट, आत डोकावून पाहणे. रेट्रोस्पेक्ट, मागे वळून. सर्कमस्पेक्ट, चौफेर पाहणारा, म्हणून सावध. कार्डावर सुटा शब्द नको, वाक्य लिहा. दुसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी अर्थ झाकून आठवा. नुसतं वाचणं म्हणजे उजळणी नव्हे.

ठाणे पूर्व: पण मुळं फसवतातही. 'पेड' पेडेस्ट्रियनमध्ये लॅटिन पाय, पीडिअ‍ॅट्रिक्समध्ये ग्रीक मूल. 'इन' दिसला की नकार धरू नका. इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं! आधी अंदाज बांधा, मग उगम तपासाच.

ऐरोली: तपासू कुठे?

ठाणे पूर्व: मेरियम-वेब्स्टर या इंग्रजी शब्दकोशाच्या साइटवर, शब्दाच्या नोंदीत खाली. फुकट आहे.