माग थांबले आणि चुली वेगळ्या झाल्या: एकत्र कुटुंब हे मूल्य होते की सोय?

पूर्वभागकर

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. आजोबा तेलंगणातून इथे आले तेव्हा माजघरात खड्ड्याचा हातमाग होता. पुढे वडिलांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालून चार यंत्रमाग बसवले आणि खड्डा बुजवला. तिथल्या शहाबादी फरशीचा रंग बाकीच्या फरशीशी आजही जुळत नाही, त्यामुळे नवा पाहुणा हमखास विचारतो की इथे काय होते.

माझ्या लहानपणी या घरात एका चुलीवर 17 माणसे जेवत. पुरुष मागावर असत, आजी आणि काकू कांड्या (मागावर लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरत, आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्हा मुलांनाही कांड्याच भराव्या लागत. चादरींचे पैसे आजोबांच्या लाकडी पेटीत जात आणि वही-पेन्सिलीपासून लग्नापर्यंतचा खर्च त्याच पेटीतून होई. आजोबांच्या पश्चात काका आपला वाटा घेऊन वेगळे झाले. पुढे सूत महागले, माग परवडेनात, ते भंगारात गेले आणि शेड गोदाम म्हणून भाड्याने दिली. आता थोरला भाऊ जुन्या घरात, मी जुळे सोलापूर या शहराच्या नव्या भागात आणि धाकटा पुण्यात राहतो. बहीण भिवंडीला दिली आहे. वडील गेल्यापासून आई, म्हणजे आमची अम्मा, चार-चार महिने प्रत्येकाकडे पाळीने राहते. पाळी संपायच्या आठवडाभर आधीच तिच्या दोन पिशव्या दाराशी येऊन बसतात. एकीत लुगडी असतात, दुसरीत औषधे आणि स्वतःचा स्टीलचा तांब्या.

गेल्या महिन्यात घर विकून तीन वाटे करण्याचा विषय निघाला, तेव्हा थोरला म्हणाला की पूर्वीचे संस्कार उरले नाहीत म्हणून घर फुटले. मला ते पटले नाही, पण नेमके उत्तरही देता आले नाही. आम्हाला एकत्र संस्कारांनी धरून ठेवले होते की मागांनी? जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त मास्तर

समाजशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यांत एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मालमत्ता सामाईक असणे आणि कुलाचार एक असणे या प्रमुख आहेत. या मोजपट्टीने तुमचे घर मोडले यात शंका नाही. परंतु समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या गावाचा अभ्यास करताना छप्पर आणि चूल यांपेक्षा परस्परांवरील जबाबदाऱ्यांना अधिक महत्त्व दिले. राखी पौर्णिमेच्या, तुम्हा विणकर पद्मशालींच्या मार्कंडेय रथोत्सवाला तुम्ही सारे जुन्या घरी जमत असाल आणि कुणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च तिघे मिळून उचलत असाल, तर देसाईंच्या दृष्टीने ते कुटुंब पुष्कळ अंशी एकत्रच आहे.

दुसरी गोष्ट अशी की, पूर्वी सगळेच एकत्र राहत हे आपण फार सहज गृहीत धरतो. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी गुजरातेतील एका खेड्याची 1825 सालची घरमोजणी तपासली, तेव्हा त्या काळीही लहान कुटुंबेच अधिक होती असे त्यांना दिसले. त्यात नवल नाही. 1951च्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आज ते 70च्या घरात आहे. बालमृत्यूंमुळे तो जुना आकडा खाली ओढला गेला होता हे खरे, तरीही नातवाच्या लग्नापर्यंत आजोबा हयात असणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळायचे हा प्रश्न इतक्या घरांत आणि इतकी वर्षे पुरेल असा पूर्वी कधी पडलाच नव्हता; त्याचे तयार उत्तर परंपरेत शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. याच शहरात 1870च्या दशकापासून कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीत पगार ज्याच्या त्याच्या हातात पडे, त्यामुळे मिळवत्या मुलाला चाळीत वेगळी खोली घेणे शक्य होते. तुमच्याकडे एका चादरीत सहा जणांचे कष्ट विणलेले असत आणि त्यातले कुणाचे किती हे वेगळे काढता येत नसे. ज्या कमाईचे वाटे करता येत नाहीत ती एका पेटीत राहणारच, आणि पेटी एक असली की घरही बहुधा एक राहते. संस्कार खोटे होते असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांना मागाचा आधार होता आणि तो निघाल्यावर सगळा भार एकट्या संस्कारांवर आला.

कुंभारीची लेक

मास्तरांचे विवेचन पटले, पण 17 माणसे एका चुलीवर जेवत हे सांगताना त्या चुलीपुढे कोण बसले होते हे कुणीच लिहिले नाही. पूर्वभागकर, तुमच्या काकू कांड्याही भरत आणि भाकऱ्याही थापत; पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला कधी होती का?

माझ्या आईने 30 वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन ती बसे, पत्र्याच्या मापाने पाने कातरी आणि हजार विड्या भरल्या की विडी कारखान्याच्या ब्रँचला नेऊन देई. तिथे छटणीत काही बाद व्हायच्याच. हे काम घरात बसूनच होई, तरीही हिशेबाच्या पुस्तकावर तिचे स्वतःचे नाव होते आणि भविष्य निर्वाह निधीही तिच्याच नावावर जमा होत होता. आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहायला आलो तेव्हा नातेवाइकांनी घर मोडल्याचा दोष तिलाच दिला, पण बाकीच्यांच्या जेवणाची वाट न पाहता, भाकरी गरम असतानाच ताटावर बसलेली आई मी पहिल्यांदा पाहिली ती त्या दोन खोल्यांत. एकत्र कुटुंबाबद्दल पुरुष हळहळतात तितकी आमच्या घरातली एकही बाई हळहळलेली मला आठवत नाही. (सासू हयात असताना मी हे असे लिहिले नसते, हेही कबूल करते.)

वकीलबाई, दक्षिण कसबा

मूल्यांच्या चर्चेत मी पडत नाही. मला खटकले ते ‘तीन वाटे’ हे शब्द.

घर वडिलांच्या स्वकमाईचे असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 नुसार विधवा पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान हिस्सा मिळतो. म्हणजे तुमच्या घरात वाटे तीन नव्हेत, पाच होतात. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो, पण तिथेही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्राने 1994 साली तो दिला खरा, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली आणि वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. विधवा आईचा हिस्सा याही प्रकारात असतोच.

बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात आणि त्या मायेने करतात की भीतीने, हे दस्तावरून कळत नाही. तेव्हा घाई करू नका. शिवाय 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. तुमच्याकडे ती वेळ येईल असे मी म्हणत नाही. पण जिला तुम्ही पाळीने सांभाळत आहात, ती त्या घराची स्वतःच वाटेकरी असण्याचा संभव आहे, हे तिला कुणी सांगितले आहे का?

पूर्वभागकर

सर्वांचे आभार. कागद काढून पाहिले. आजोबांचे घर भाड्याचेच होते. 1978 साली वडिलांनी ते स्वतःच्या नावावर विकत घेतले आणि मृत्युपत्र केलेले नाही. काकूंच्या कमरेला किल्ली नव्हती, हेही लिहायला हवे.

काल अम्माला समोर बसवून तिचा हिस्सा समजावून सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले, शेडचे भाडे दरमहा किती येते ते विचारले आणि मग तेलुगूत म्हणाली की, वडील गेल्यापासून ते भाडे तुम्ही तिघांनीच का वाटून घेतले. बहिणीला आज रात्री फोन करणार आहे.